नळी कुठे बघतेय? : पहिल्याच मॅचमधल्या एका डीक्यूचं प्रकरण

प्रकरण थोडक्यात असं. टेक्सासमध्ये डॅलसच्या बाहेर एका क्लबात दर महिन्याला यूएसपीएसए या प्रॅक्टिकल शूटिंगच्या अमेरिकी संघटनेची पिस्तूल मॅच होते. एक नवखा नेमबाज पहिल्यांदाच उतरला होता. मूळचा पुण्याचा, चाळिशीच्या अलीकडचा, ग्रीन कार्ड झालेला. मॅच सहा स्टेजची, म्हणजे सहा वेगवेगळ्या मांडण्यांची होती. तिसऱ्या स्टेजवर मॅगझिन (काडतुसांची डबी) बदलत डावीकडे पळताना त्याच्या पिस्तुलाची नळी 180 अंशांच्या रेषेमागे, म्हणजे माणसं उभी असतात त्या बाजूला गेली. रेंज ऑफिसर, म्हणजे स्टेजवरचा पंच, "स्टॉप" म्हणाला, पिस्तूल रिकामं करून घेतलं गेलं आणि त्याची मॅच तिथेच संपली. यालाच डीक्यू म्हणतात: मॅचमधून बाद. उरलेल्या तीन स्टेज त्याने कडेला उभं राहून पाहिल्या. गोळी सुटली नाही, कुणाला खरचटलंही नाही.

तो रेंज ऑफिसर मी होतो. तो नवखा मला काका म्हणतो. त्याची हरकत नाही, तरी नाव देत नाही.

हे सविस्तर लिहायचं कारण म्हणजे नंतर ओळखीच्या मराठी मंडळींत झालेली चर्चा. "काही झालंच नाही, मग एवढी शिक्षा कशाला?" असा बहुतेकांचा सूर होता. एकाने तर पैसे परत मागायला सांगितलं. या खेळातली सुरक्षा कशावर उभी आहे हे त्या प्रश्नाच्या उत्तरातच कळतं, आणि नव्याने उतरणाऱ्याला तेच आधी कळायला हवं. होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं कमरेचं म्यान, कुठलं घ्यायचं हे नंतर.

खेळ आणि त्याचा हिशोब

प्रॅक्टिकल शूटिंगची आंतरराष्ट्रीय संघटना, आयपीएससी, 1976 साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात कोलंबिया इथे स्थापन झाली. जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष. यूएसपीएसए ही तिची अमेरिकेतली शाखा. आपल्याकडे ऑलिंपिकमुळे जी नेमबाजी माहीत आहे तिच्यात नेमबाज एका जागी उभा राहतो आणि लक्ष्यही ठरलेल्या अंतरावर असतं. इथे नेमबाज चालतो, पळतो, भिंतीच्या आडून वाकतो, आणि हे सगळं भरलेलं पिस्तूल हातात घेऊन. तीन बाजूंना मातीचे उंच बांध, आत पुठ्ठ्याची आणि लोखंडी लक्ष्यं, लाकडी चौकटींच्या भिंती. अशा एकेका मांडणीला स्टेज म्हणतात. मोठ्या स्टेजला जास्तीत जास्त 32 गोळ्या लागतात.

गुणांची पद्धत समजली की घाई आपोआप कमी होते, निदान व्हायला हवी. पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर मधल्या 'ए' भागाला 5 गुण असतात. साध्या 9 एमएमच्या, म्हणजे 'मायनर' ताकदीच्या गोळीला त्याबाहेरच्या 'सी'चे 3 आणि 'डी'चा 1 मिळतो. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं. तो भागाकार म्हणजे हिट फॅक्टर. चुकलेल्या प्रत्येक गोळीचे 10 वजा होतात.

आता 16 गोळ्यांची स्टेज धरा. एकाने सावकाश 40 सेकंद घेतले, पण सगळ्या 'ए'मध्ये मारल्या: 80 भागिले 40, हिट फॅक्टर 2. दुसऱ्याने 20 सेकंदांत उडवून टाकलं. त्याच्या आठ गोळ्या 'ए', चार 'सी', चार बाहेर. 40 अधिक 12 म्हणजे 52, त्यातून 40 गेले, उरले 12. भागिले 20, हिट फॅक्टर 0.6. निम्म्या वेळात तिसरा हिस्साही नाही. आमच्या नवख्याला हे गणित पाठ होतं. तो डेटाबेसवाला माणूस, त्याने त्याची एक्सेल शीटही केली होती. तरीही टायमरची बीप ऐकल्यावर पाय गणित विसरतात, आणि त्याचं काही करता येत नाही. म्हणून सुरक्षेचे नियम माणसाच्या शहाणपणावर सोडलेले नाहीत.

त्याआधी कायदा

हा भाग आमच्या नवख्याला लागू नव्हता, पण वाचणाऱ्यांतल्या अनेकांना असेल, म्हणून इथे थांबतो.

एच-1बी, एल-1, एफ-1, एच-4 अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर अमेरिकेत आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. कलम 18 यूएससी 922(जी)(5)(बी). 'बाळगणं' म्हणजे विकत घेणं असा लोकांचा समज असतो. मित्राची बंदूक रेंजवर हातात घेणं, भाड्याने घेऊन चार गोळ्या मारणं, हेही त्यात येतं. शनिवारी ऑफिसच्या टोळीबरोबर रेंजवर जाऊन फोटो टाकणारी आपली पोरं मी पाहिली आहेत. त्यांना वाटतं, काउंटरवरच्या माणसाने अडवलं नाही म्हणजे चालतं. या कायद्याखालचा गुन्हा व्हिसाच्या आणि पुढच्या ग्रीन कार्डच्याही मुळावर येऊ शकतो.

कायद्यातच काही अपवाद आहेत. त्यांतला नेहमी लागणारा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. त्यावर विसंबून पाऊल टाकण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावं, कारण राज्यांचे स्वतःचे नियम निराळे असतात. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई नाही. परवानाधारक दुकानातून पिस्तूल घ्यायला वयाची 21 वर्षं पूर्ण हवीत, 4473 नंबरचा फॉर्म भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. आमच्या नवख्याने हे सगळं रीतसर केलं होतं.

तो काय घेऊन आला होता

सामानाबद्दल फार लिहीत नाही, कारण लोक सामानाबद्दलच फार बोलतात. त्याच्याकडे कंपनीतून आलं तसं 9 एमएमचं पिस्तूल होतं, लोखंडी साइटचं (साइट म्हणजे नेम धरायची खूण). पाच मॅगझिन, जाड पट्टा, कानाचं संरक्षण, चष्मा. होल्स्टर मात्र पहिल्यांदा त्याने कापडी घेतलं होतं, पिस्तूल काढलं की आपोआप मिटणारं. ते मी परत करायला लावलं. परत पिस्तूल घालायला दुसऱ्या हाताने तोंड उघडावं लागलं की तो हात नळीसमोर येतो. कमरेबाहेर बसणारं, कडक प्लॅस्टिकचं, ट्रिगर पूर्ण झाकणारं होल्स्टर लागतं. तर्जनीने बटण दाबल्यावर पिस्तूल सुटतं अशीही होल्स्टरं येतात. काही क्लबांत ती चालत नाहीत आणि ते बरोबरच आहे. जी तर्जनी बटण दाबत होल्स्टरमधून बाहेर येते ती सरळ ट्रिगरवर जाऊन बसते.

सामानापेक्षा मोठी शिदोरी त्याच्याकडे वेगळीच होती. पुण्यात कॉलेजात असताना तो 10 मीटर एअर पिस्तूल खेळला होता, जिल्हा पातळीपर्यंत. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान वजन असतं 500 ग्रॅम. इतक्या हलक्या ट्रिगरवर बोट कधी न्यायचं आणि कधी नाही, हे तिथे हाडात मुरतं. मी त्याला सरावात पाहिलं तेव्हा त्याचं बोट पिस्तुलाच्या चौकटीवर सरळ पसरलेलं असायचं, मॅगझिन बदलतानाही. नव्या माणसात हे क्वचित दिसतं. मला बरं वाटलं होतं.

पण एअर पिस्तुलाच्या लेनमध्ये पुढे एकच दिशा असते. नेमबाज वळत नाही, पाय उचलत नाही, आजूबाजूला दोन्हीकडे दुसरे नेमबाज. नळी पुढेच राहते, कारण तिला जायला दुसरी जागाच नसते. म्हणजे त्याच्या दोन सवयींपैकी एक कसून घडवलेली होती, आणि दुसरीची कधी परीक्षाच झाली नव्हती. घडलेलीच दिसत होती, म्हणून दुसरीही आहे असं सगळ्यांनी धरून चाललं.

ती सकाळ

आमची रेंज 'कोल्ड' असते. म्हणजे सगळ्यांची पिस्तुलं रिकामी, होल्स्टरात किंवा पेटीत. पिस्तुलाला हात लावायच्या जागा दोनच: रेंज ऑफिसरच्या आज्ञेने स्टेजवर, नाहीतर आखून दिलेल्या सेफ्टी टेबलवर. सेफ्टी टेबलवर पिस्तूल हाताळता येतं, पण काडतुसं अजिबात नाहीत, सरावाची खोटीसुद्धा नाहीत. काडतुसं बाकी कुठेही हाताळा, पिस्तूल नको. दोन्ही एकत्र येतात ती जागा फक्त स्टेज.

नवी माणसं खूपदा इथेच, एकही गोळी न मारता बाद होतात. पार्किंगमध्ये डिकी उघडायची, पिस्तूल पेटीतून काढून होल्स्टरात घालायचं, झालं. ज्यांच्याकडे स्वसंरक्षणासाठी रोज भरलेलं पिस्तूल असतं त्यांचं तर विचारूच नका. कमरेला भरलेलं घेऊन नोंदणीच्या टेबलापर्यंत येतात. भरलेलं पिस्तूल आज्ञेशिवाय जवळ असलं की डीक्यू. म्हणून येताना पिस्तूल पेटीत असावं, पेटी तशीच सेफ्टी टेबलवर न्यावी आणि तिथे बांधाकडे तोंड करून ते होल्स्टरात घालावं. त्याने हे नीट केलं. नव्यांना मॅचआधी माहिती सांगतात तेव्हा तो पहिल्या रांगेत होता आणि प्रश्नही विचारत होता.

पहिली स्टेज त्याने इतकी सावकाश केली की मागून कुणीतरी "घाई नको रे बाबा" अशा अर्थाचा विनोद केला. सगळ्या गोळ्या लागल्या. दुसऱ्या स्टेजवर थोडा मोकळा झाला. मधल्या वेळात इतरांसारखाच लक्ष्यांवरच्या भोकांना टेप चिकटवत होता, पडलेल्या लोखंडी पाट्या उभ्या करत होता. या खेळात प्रत्येक जण दुसऱ्याची स्टेज पूर्ववत करतो. जो करत नाही त्याचं नाव महिन्याभरात सगळ्यांना माहीत होतं.

तिसऱ्या स्टेजची फिरून पाहणी सुरू झाली तेव्हा आमच्या गटातला एक चांगला नेमबाज आपला बेत मोठ्याने सांगत होता. उजव्या कोपऱ्यात सुरुवात, तिथून चार लक्ष्यं, आठ गोळ्या. मग डावीकडे पळत मॅगझिन बदलायचं, मधल्या खिडकीपाशी पोचेपर्यंत पिस्तूल तयार. नवख्याने तो बेत जसाच्या तसा उचलला. बोटाचं पिस्तूल करून दोनदा पळूनही पाहिलं. बोटाला नळी नसते, त्यामुळे ते कुठे रोखलंय हे त्यालाही दिसलं नाही आणि दुसऱ्या कुणालाही नाही.

साडेतीन सेकंद

"मेक रेडी." त्याने पिस्तूल काढलं, मॅगझिन भरलं, चेंबर भरला, परत होल्स्टरात घातलं. "आर यू रेडी?" मान हलली. "स्टँडबाय." बीप.

आठ गोळ्या सुरेख गेल्या. मग तो निघाला. इथे काय झालं ते बारकाईने सांगतो, कारण उजव्या हाताच्या जवळजवळ प्रत्येक नव्या माणसाला हा सापळा गाठतो.

बांधाकडे तोंड करून उभे राहा आणि दोन्ही हात खांद्याच्या रेषेत बाजूंना पसरा. ती रेषा म्हणजे 180. नळी सदैव त्या रेषेच्या पुढे हवी. ही रेषा जमिनीवर आखलेली नसते, ती माणसाबरोबर चालते. आता उजव्या हाताचा माणूस डावीकडे पळायला वळला की छाती डावीकडे होते. पिस्तूल नैसर्गिकपणे छातीसमोर, म्हणजे आत्ताच 90 अंश डावीकडे, रेषेला टेकलेलं. त्यात मॅगझिन बदलायचंय. बदलताना उजवा हात छातीजवळ येतो, मनगट आत वळतं, मॅगझिनचं तोंड डाव्या हाताकडे झुकतं आणि नळी आणखी डावीकडे जाते. उरलेले ते थोडे अंश मागच्या बाजूचे असतात, जिथे गुण नोंदवणारा माणूस टॅब्लेट घेऊन उभा असतो आणि त्याच्या मागे सगळा गट. तोच माणूस डावीकडून उजवीकडे पळाला असता तर मनगटाचं हेच वळण नळीला बांधाकडे घेऊन गेलं असतं. एकच हालचाल, एका दिशेला सुरक्षित आणि दुसऱ्या दिशेला नाही.

जुनं मॅगझिन पडलं. त्याची नजर पट्ट्यावरच्या नव्या मॅगझिनवर गेली, आणि नजर गेली की कोपरही गेलं. मी उजव्या बाजूने मागून चालत होतो. नळीचं तोंड आधी बाजूच्या बांधावर होतं, मग बांधाच्या टोकावर, मग टोकाच्या पलीकडे. "स्टॉप!"

तो जागीच थिजला. हे फार चांगलं केलं. "स्टॉप" ऐकून आवाजाच्या दिशेने, हातातल्या पिस्तुलासकट वळणारे असतात. नळी पुढे करायला सांगितली, "अनलोड अँड शो क्लिअर", चेंबर मी पाहिला, "हॅमर डाऊन, होल्स्टर". मग मी त्याला काय दिसलं ते सांगितलं आणि टॅब्लेटवर डीक्यू नोंदवला. मॅचच्या प्रमुखाने येऊन दोन प्रश्न विचारले आणि शिक्कामोर्तब केलं.

"काका, बोट ट्रिगरवर नव्हतं माझं."

"नव्हतंच. पाहिलं मी."

"मग?"

मग?

कूपर यांच्या नावावर चार नियम आहेत. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा. जे उद्ध्वस्त करायचं नाही त्याच्यावर नळी येऊ देऊ नका. साइट लक्ष्यावर येईपर्यंत बोट ट्रिगरपासून दूर. लक्ष्य आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री करा. या चारांची गंमत अशी की माणूस जखमी व्हायला एक नियम मोडून सहसा भागत नाही. बोट चुकून ट्रिगरवर गेलं आणि गोळी सुटली, तरी नळी बांधाकडे असेल तर मातीत जाते. नळी माणसावर आली, पण बोट बाहेर असेल तर गोळी सुटत नाही. दोन थर आहेत, आणि एक फाटला तरी दुसरा धरतो.

मॅचचे नियम पहिला थर फाटला की तिथेच थांबवतात. दुसरा टिकला की नाही हे पाहत बसत नाहीत. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने दिशा मोडली की शिट्टी वाजते. गडी हाती लागला का, असं पंच विचारत नाही. त्या सकाळी नवख्याचा एक थर फाटला होता आणि दुसरा, पुण्यात घडलेला, शाबूत होता. म्हणून सगळे संध्याकाळी आपापल्या घरी गेले. "काही झालंच नाही, मग शिक्षा का?" या प्रश्नातच उत्तर आहे: काही व्हायच्या आत थांबवता यावं म्हणूनच तो नियम आहे. काही झाल्यावर द्यायची असती तर त्या शिक्षेला डीक्यू म्हणाले नसते.

पिस्तूल हातातून पडणं, पळताना किंवा मॅगझिन बदलताना बोट आत असणं, बांधावरून गोळी जाणं, आपल्याच हातापायावरून नळी फिरवणं, या सगळ्याला एकच शिक्षा आहे. पिस्तूल काढता-घालताना कमरेखालच्या भागापुरती सवलत आहे, तीही बोट बाहेर असेल तरच. अनुभव, वय, वर्ग, कशाचाही विचार होत नाही. ग्रँडमास्टर, म्हणजे सगळ्यात वरच्या वर्गातले नेमबाजसुद्धा डीक्यू होतात. आणि हो, रेंज ऑफिसर सुरक्षेचा इशारा कधीही देऊ शकतो, "फिंगर!" किंवा "मझल!" असं ओरडणं मदतीत धरलं जात नाही. पण इशारा देणं त्याच्यावर बंधनकारक नाही, आणि कित्येकदा तेवढा वेळच नसतो.

माझं स्वतःचं मत विचाराल तर ही चूक पळताना झाली नाही. ती झाली बेत उचलताना. पळता पळता मॅगझिन बदलून वाचतो सेकंद, फार तर दीड. पहिल्या मॅचमध्ये शेवटून दुसरा येणाऱ्याला त्या सेकंदाचं करायचं काय? उजव्या कोपऱ्यात उभ्या उभ्या, बांधाकडे तोंड करून मॅगझिन बदललं असतं आणि मग चालत निघाला असता, तर हा सापळा त्याच्या वाटेत आलाच नसता. नव्या माणसाने स्टेज पाहताना गोळ्या किती हे मोजण्याआधी एवढंच पाहावं की आपली छाती कुठे बाजूला वळणार आहे. तिथे हाताने दुसरं काही करायचं नाही, हेच त्याचं नियोजन. व्हिडिओंत दिसणारे वेगवान लोक तसं करत नाहीत, कारण त्यांनी ते मनगट वर्षानुवर्षं सरळ केलेलं असतं. व्हिडिओत ते मनगट दिसत नाही, पाय दिसतात.

पुढचे दोन-तीन महिने

तो रुसला नाही, हे नमूद करायला हवं. उरलेल्या तीन स्टेज टेप चिकटवत राहिला. डीक्यू झाल्यावर गाडी काढून निघून जाणारेही असतात. गट त्यांना विसरत नाही आणि राहणाऱ्यालाही विसरत नाही.

घरी त्याने कोरडा सराव सुरू केला. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कपाटाला कुलूप. चेंबर डोळ्यांनी पाहायचा आणि करंगळीने चाचपायचा. नळीसमोर पुस्तकांनी भरलेलं शेल्फ. हॉलच्या जमिनीवर चिकटपट्टीने त्याने 180ची रेषा आखली आणि मोबाईल स्टँडवर ठेवून बाजूने चित्रण केलं. मोबाईल धरायला माणूस उभा करायचा नाही, हे मी बजावलं होतं. पहिल्या चित्रणात नळी प्रत्येक वेळी पट्टीच्या मागे जात होती. त्याला पटत नव्हतं, म्हणून त्याने तेच तेच पुन्हा पाहिलं. मग उपाय सापडला: कोपर बरगडीला न चिकटवता बाहेर ठेवायचं, नळी शेल्फकडे 'लावून' ठेवायची आणि शरीर तिच्याभोवती वळू द्यायचं, कंबर डावीकडे, खांदे पुढे. अवघडल्यासारखं वाटतं. वाटणारच.

कोरड्या सरावाचा एक अपघात सर्वांच्या परिचयाचा आहे. सराव संपतो, पिस्तूल परत भरलं जातं, आणि मग "एकदाच अजून". त्यावर उपाय म्हणून तो सराव संपला की पट्टी आणि टार्गेटचं चित्र दोन्ही उचलून ठेवतो. चित्र नसेल तर ट्रिगर दाबायला निमित्तच उरत नाही.

मॅचला परत येण्याआधी मी त्याला स्टील चॅलेंज खेळायला लावलं, .22च्या, म्हणजे लहान काडतुसाच्या पिस्तुलावर. पाच लोखंडी पाट्या, ठरलेल्या मांडणीत, बहुतेक स्टेजवर पाय हलवायचे नाहीत. .22ला होल्स्टरही लागत नाही, पिस्तूल हातात खाली धरून सुरुवात होते. टायमरच्या बीपची धास्ती घालवायला यासारखं स्वस्त आणि निर्धोक दुसरं काही मला माहीत नाही. खरं तर सगळ्या नव्यांनी इथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं. पण सगळ्यांना पळायचं असतं.

दुसऱ्या मॅचला त्याचा बेत एका ओळीचा होता: मॅगझिन उभं राहून, मग चालायचं. चौथ्या स्टेजवर एक वेगळाच प्रसंग आला. गोळीचा आवाज 'फट' असा दबका झाला आणि पिस्तुलाने झटका दिला नाही. मी "स्टॉप" म्हणायच्या आतच तो थांबला होता. बार भरताना दारू कमी पडली की गोळी नळीतच अडकते; मागून दुसरी मारली तर नळी फुगते, कधी फाटते. यावेळीही अडकली होती. ती स्टेज अर्धवट राहिली, गुण गेले, गोळी काढायला सळई शोधावी लागली. पिस्तूल वाचलं, बोटंही. बाकी पाच स्टेज त्याने पूर्ण केल्या. निकालात तो शेवटून चौथा आला आणि हिट फॅक्टरची शीट मला रात्रीच पाठवली. त्या पाच स्टेजवर एकही गोळी लक्ष्याबाहेर नव्हती.

जाताना थंड पाण्याने हात धुवायची आठवण मी सगळ्यांना करतो, त्यालाही केली. शिशाचा अंश हातावर राहतो, आणि आपली माणसं रेंजवरून थेट डब्यातल्या पोळीवर हात टाकतात.

तिसऱ्या मॅचला तो ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला घेऊन आला. सहकारी नाशिकचा, एच-1बीवर. त्याने दुपारपर्यंत धीर धरला आणि मग विचारलं, "काका, एक मॅगझिन मारू का? त्याच्याच पिस्तुलाने?" मी नाही म्हटलं आणि कारण सांगितलं. स्टेज संपल्यावर नेमबाजाची खाली पडलेली मॅगझिनं उचलून देणं ही इथली साधी रीत आहे. त्याला तीही करू नको म्हटलं, कारण मॅगझिनमध्ये काडतुसं उरलेली असतात आणि कायद्यात काडतुसांचं नाव बंदुकीच्या शेजारीच आहे. त्याच्या हातात टेपचं रिळ दिलं. दिवसभर त्याने भोकं बुजवली, पाट्या उभ्या केल्या, आणि सगळ्यांच्या मॅगझिन बदलण्याकडे नवख्यापेक्षा बारकाईने पाहिलं. शिकार परवान्याची माहिती त्याने राज्याच्या वेबसाइटवरून काढली आहे आणि वकिलाला मेल केला आहे. उत्तर येईपर्यंत त्याने टेपच चिकटवायची, असं ठरलं आहे.